पाऊण तास

टालिनहून राप्लाकडं जाणाऱ्या रस्त्यावर,
जिथं पाइनचं रान एकदम मागं सरतं
आणि बटाट्याची उघडी शेतं लागतात,
तिथं मी उभी असते. हातात यंत्र.
आज नव्वदच्या रस्त्यावर एकशे बारा.

गाडी मासळीची. पांढरी, दारावर पोचा.
चालक आह्तो किर्सीपू, वय एकोणसाठ.
काच खाली करण्याआधीच त्यानं इंजिन बंद केलं,
म्हणजे सवय असावी.

मी सांगितलं, या महिन्यात दोन वाटा आहेत:
दंड भरा, नाहीतर बसा.
"बसा म्हणजे?"
बसा. इथंच, कडेला. पाऊण तास. मग जा.

मी थट्टा करते आहे का, ते त्यानं माझ्या चेहऱ्यावर शोधलं
(आमच्याकडं ते सापडायला वेळ लागतो),
मग मान वळवून मागच्या खोक्यांकडं बघितलं.
"बर्फात किलू आहेत. पाचच्या आत पोचवायचेत."
मग पैसे भरा.
एक लाकडाचा ट्रक गेला. दुसरा गेला.
"बसतो," म्हणाला.

त्याच्या आधी एक काळी गाडी होती, एकशे अठराची.
आतल्या बाईंनी फोनवरचं बोलणं न थांबवता
कार्ड पुढं केलं, पावती घेतली,
हसल्यासुद्धा.
मला वाटलं, मी त्यांना तिकीट फाडून दिलं.

पहिली दहा मिनिटं आह्तो चाकावर बोटं वाजवत होता.
मग हिशेब, मोठ्यानं, स्वतःशीच:
"बंदरापासून इथवर वाचवली किती?
सहा मिनिटं. फार तर सात."
आणि गप्प झाला,
खिसा चाचपून भोक सापडल्यासारखा.

मी बोलले नाही. आमची वाक्यं
कागदावर आधीच छापलेली असतात.

विसाव्या मिनिटाला मागच्या दारातून पाणी ठिबकू लागलं.
खडीवर. टप्. बराच वेळ काही नाही. टप्.
आम्ही दोघंही ते ऐकत नसल्यासारखं ऐकत होतो.
शिक्षा नेमकी कुणाला चालली आहे, मला ठरवता येईना:
त्याला, बर्फाला,
की त्या बोटभर मासळीला,
जिनं आयुष्यात कुठली मर्यादा ओलांडली नव्हती,
जाळ्यात तेवढी शिरली.

त्यानं काळा पाव काढला. अर्धा मोडून माझ्यापुढं धरला.
नियमात बसत नाही. नको म्हटलं.
दोन मिनिटांनी घेतला.

"मागच्या हिवाळ्यात," तो चावता चावता म्हणाला,
"त्या पुढच्या पुलाशी गाडी गोल फिरली. तीनदा.
आणि थांबली ती रस्त्याकडं तोंड करून.
मग काय, गेलो तसाच पुढं. मासळी होती ना."

वेळ आली होती, काळ आला नव्हता.
ही योजना ज्या कुणी काढली, त्यालाही कदाचित हेच हवं असावं:
की वेळेनं आधीच येऊन बसावं,
काळाची जागा अडवून.
किंवा नसेलही. वर फक्त तक्ते मागतात:
किती बसले, किती भरून गेले.

पंचेचाळीस झाली. मी म्हटलं, जा.
घड्याळाकडं न बघता त्यानं गाडी सुरू केली,
रिकाम्या रस्त्यावर इंडिकेटर लावला,
आणि इतक्या सावकाश निघाला
की मागून आलेल्या दुधाच्या टँकरनं भोंगा वाजवला.
खडीवर ओला डाग राहिला. मासळीचा वास.

सहाला माझी पाळी संपली.
साहेबांनी तक्त्यासाठी थांबवलं.
लेकीला पोहण्याच्या तलावावरून आणायचं होतं.
तोच रस्ता. यंत्र मागच्या सीटवर, बंद.
पुलाशी आले तेव्हा काट्याकडं लक्ष गेलं: एकशे चार.
पाय काढला.
कडेला कुणी नव्हतं.

लेक पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर.
ओल्या केसांतून थेंब पडत होते. टप्.
बराच वेळ काही नाही.
तिनं वर बघितलं.
काच खाली करण्याआधीच मी इंजिन बंद केलं.